जुळ्यावर जुळं

शैलजानं बातमी दिली तेव्हा वैजनाथराव मोजे घालत होते. एक पायात होता, एक हातात.

“अहो,” ती दारात उभी राहून म्हणाली, “मले दिवस गेले वाटते.”

वैजनाथरावांनी पायातल्या मोज्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोज्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “किती?”

“दीडक महिना झाला असीन.”

“महिने नाही विचारले.”

शैलजाचा चेहरा उतरला आणि ती आत गेली. एखादा नवरा अशा वेळी देवापुढे साखर ठेवतो. निदान बायकोला बस तरी म्हणतो. वैजनाथराव मोजा हातात धरून तसेच बसून राहिले, आणि त्या दिवशी बुलढाण्याच्या कोर्टात एका वकिलांचा कारकून एकच मोजा घालून हिंडताना लोकांनी पाहिला.

त्यांच्या प्रश्नाला कारण होतं, आणि ते कारण आतल्या खोलीत एकाच गादीवर दोन दिशांना लोळत होतं. सौमित्र आणि स्वरदा. वय वर्षं चार. सात मिनिटांच्या अंतरानं जगात आलेली ही भावंडं. एक रडायचं थांबलं की दुसरं नेमकं तिथूनच पुढे सुरू करायचं, त्यामुळे घरात रडणं असं संपतच नसे.

पण वैजनाथरावांना पोरांची भीती नव्हती. पोरं गोड होती, देवाच्या दयेनं घरात खायला होतं. त्यांना भीती होती दवाखान्यातल्या एका बाकाची. चार वर्षांपूर्वी त्या बाकावर ते दोन हातांत दोन बाळं घेऊन बसले होते, येणारे-जाणारे पेढे मागत होते, आणि आतून नर्स धावत आली होती. “रक्ताची सोय करा भाऊ, बाईचं रक्त थांबून नाही राह्यलं.” हात दोन्ही अडकलेले. फोन कुणी काढायचा, बाळं कुणाच्या हवाली करायची, काही सुचेना. चार बाटल्या लागल्या. शैलजा वाचली. सगळे उठून घरी आले, पण वैजनाथराव त्या बाकावरून अजून उठलेलेच नव्हते. एक असलं तर निभेल, दोन असली तर ती जाईल, असा त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला होता आणि तो कुणाला वाचून दाखवला नव्हता.

बारा वर्षं वकिलांकडे काढलेला माणूस घाबरला की रडत नाही, फाइल उघडतो. वैजनाथरावांनी उघडली. वर सुबक अक्षरात विषय लिहिला : ‘एका घरात एकदा जुळे झाल्यावर पुन्हा होते काय? झाल्यास कितीदा?’ खाली रेघ मारून दोन रकाने पाडले, साक्षीदार आणि कागदपत्रे.

खरं तर फाइलची गरजच पडू नये. डॉ. महामाया इंगळे यांनी शैलजाला तपासून लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती. वैजनाथराव दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेले, तर मशीनवर पांढरं कापड पांघरलेलं. केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण व्हायचं होतं, कागद वर गेले होते, वरून खाली यायचे होते. गावात दुसरं एक केंद्र होतं, पण तिथले डॉक्टर मुलीच्या लग्नाला परगावी गेलेले.

“पुढच्या आठवड्यात या,” खिडकीतली बाई म्हणाली.

आयुष्यभर दुसऱ्यांना पुढची तारीख सांगणाऱ्या वैजनाथरावांना ती घेताना कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

साक्षीदार पहिला अगदी शेजारीच होता. गुलाम रसूल यांचं कापडाचं दुकान, मागे घर, आणि घरात शाकिर-सकलैन ही एक जोडी, तिच्यामागून अडीच वर्षांनी आसमा-मलिहा ही दुसरी. आता पोरं कॉलेजात जायला लागली होती. इतकी वर्षं वैजनाथराव त्या चौघांशी हसून बोलत. बातमी कळल्यापासून मात्र त्यांतलं एक जरी समोरून आलं तरी त्यांच्या छातीत धडधडायचं, आणि मागून दुसरं आलं की घाम फुटायचा.

“भाईजान, दुसऱ्या वेळी बी दोन हायेत म्हणून कळलं, तेव्हा काय वाटलं हो तुमाले?”

गुलाम रसूल कापड मोजता मोजता म्हणाले, “पह्यल्या खेपेले लय भेलो, वैजनाथभाऊ. दुसऱ्या खेपेले दुकान उघडलं. एका ताग्यात चौघायचं निघते, शिंपी बी भाव कमी करते.”

“तसं नाही. भाभीले काही...”

पडद्याआडून फातिमाभाभी म्हणाल्या, “यायले काय इचारता, भाऊ? पैदा मी केले का यायनं? इचारायचंच हाय तर शैलजाले इचारा ना, तिले कसं वाटून राह्यलं. इचारलं का?”

वैजनाथरावांनी फाइलमध्ये लिहिलं, ‘साक्षीदार क्र. १ : दोनदा. घडू शकते.’ फातिमाभाभींचा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेरचा असल्यानं त्याची नोंद घेतली नाही.

मग कागदपत्रं. वडनेर भोलजीला त्यांच्या चुलत्यांकडे चिंचोळकर घराण्याची वंशावळ होती, जाड कागदाची, नळीत गुंडाळलेली. दोन दिवसांची रजा टाकून वैजनाथराव ती उतरवायला गेले. आठ पिढ्या, त्रेसष्ट पुरुष. बोट फिरवत फिरवत पाचव्या पिढीवर आले आणि त्यांचं बोट गार पडलं. एकाच चौकटीत दोन नावं, खेटून.

“काका, हे दोघं...?”

काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्या वेळात वैजनाथराव मनातल्या मनात त्या बाकावर जाऊन बसले.

“हे ना? यायच्यात चार वर्षाचं अंतर हाय. कागदावर जागा नव्हती उरली, म्हणून बाबानं एका घरात कोंबले.”

वैजनाथरावांनी काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकांना वाटलं, पोरगं किती संस्कारी आहे.

घरी त्यांच्या आई अन्नपूर्णाबाई यांचं वेगळंच प्रकरण चालू होतं. मार्गशीर्षातले गुरुवार त्या करतच होत्या, चतुर्थी होती, एकादशी होती, त्यात आता त्यांनी सुनेसाठी चहा सोडला. पहिल्या दिवशी देवापुढे बसून “एकच दे रे बाबा” असं मागितलं, आणि मग त्यांना रात्रंदिवस टोचणी लागली. देणाऱ्याचा हात धरून मोजमाप सांगणारे आपण कोण? दुसऱ्या दिवशी त्यांनी कान धरून माफी मागितली आणि मागणं बदललं : “तुला द्यायचं ते दे, पण माझी सून सुखरूप राहू दे.”

“आई, हे फार मोघम झालं,” वैजनाथराव म्हणाले. “आकडा टाकायला पाह्यजे होता. असा अर्ज टिकत नाही.”

“तुझ्या कोर्टात टिकत नसीन, बाबू,” अन्नपूर्णाबाई वाती वळत म्हणाल्या.

वंशावळीची नक्कल घेऊन वैजनाथराव डॉ. महामायांकडे गेले. त्यांनी ती टेबलावर अंथरली, दोन्ही टोकांना औषधांच्या बाटल्या ठेवल्या. “मॅडम, त्रेसष्टांत एक बी जुळं नाही.”

डॉक्टरबाईंनी पूर्ण कागद पाहिला. त्यांचा स्वभाव शांत. “शंभरेक बाळंतपणांत एखादं जुळं होतं, वैजनाथराव. तुमची पहिली जोडी मुलगा आणि मुलगी, म्हणजे दोन वेगळी बीजं. ते येतं बाईच्या माहेरकडून. असं एकदा झालेल्या बाईला पुन्हा व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरी बहुतेकींना दुसऱ्या वेळी एकच होतं.” मग त्यांनी कागदावर बोट टेकवलं. “यात शैलजाचं नाव कुठाय?”

नव्हतंच. आठ पिढ्यांत एकाही बाईचं नव्हतं. त्रेसष्ट पुरुष जणू आपापले उगवले होते.

वैजनाथरावांनी कागदाची पुन्हा नळी केली. आठवडाभर चुकीच्या पक्षकाराची चौकशी केली, हे कारकुनाला फार लागतं.

दुसऱ्या तारखेला मशीनवरचं कापड निघालेलं होतं. आता फॉर्म. आधीची अपत्ये, मुलगे एक, वय चार. मुली एक, वय चार.

“वय चुकलं तुमचं,” खिडकीतली बाई म्हणाली.

“नाही जी, जुळे हायेत.”

“बरं. आधारकार्डावर नाव माहेरचं, चिठ्ठीवर सासरचं. हे नाही चालणार. दुरुस्ती करून आणा, नाहीतर लग्नाचा दाखला आणा.”

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण कागदपत्रांतली चूक काढणाऱ्याविषयी वैजनाथरावांना जन्माचा आदर. चूक होती, ती त्यांच्याच हातून राहिली होती. पण आणखी एक आठवडा काढायचा या विचारानं ते खिडकीवर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “मॅडम, एक विनंती होती... आत नुसतं एक मिनिट पाहून, फक्त एवढंच सांगा की...”

सोनोग्राफी केंद्रात खिडकीवर वाकून हळू बोलू नये. बाईनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं भिंतीवरच्या मोठ्या फलकाकडे पेन रोखलं. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे.

“वाचता येते ना? शिकलेले दिसता. एक पोरगा, एक पोरगी घरात हाय, तरी बी?”

पाठीमागच्या खुर्च्यांवरच्या सगळ्या बाया ताठ झाल्या. एक म्हातारी म्हणाली, “शरम वाटली पाह्यजे.”

“अहो, मी ते नाही विचारत!” वैजनाथराव ओरडले. “मी किती हायेत ते विचारून राह्यलो!”

यानं काहीच सुधारलं नाही. म्हातारीनं तोंड फिरवलं. आणि शैलजा, जिच्या बाजूनं आपण लढतो आहोत असं वैजनाथरावांना वाटत होतं, ती पदर सावरून केव्हाच पायऱ्या उतरून गेली होती. घरी पोचल्यावर म्हणाली, “दोन असले तर काय करसान? एक परत देसान?” आणि कणीक मळायला बसली. वैजनाथरावांना खरं उत्तर ओठांवर आलं होतं. पण ते बोललं तर खरं होईल, अशी भीती.

त्याच आठवड्यात मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. वरच्या मजल्यावरच्या सिंधूताईंकडे उद्यापन होतं. सवाष्णींना हळदीकुंकू, पोथी आणि एकेक फळ. शैलजा खाली आली आणि तिनं हातातलं फळ ताटलीत ठेवलं. केळं होतं. एका सालीत दोन.

वैजनाथराव खुर्चीतून उठले. “हे खायचं नाही!”

“व्रताचा प्रसाद आहे,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. जुळं केळं खाल्लं की जुळं होतं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. पण लक्ष्मीचा प्रसाद टाकायचा? गाईला द्यावा तर तो सुनेच्या नावानं आलेला. माय-लेक त्या केळ्याकडे असे पाहत उभे राहिले, जसा काही घरात नागच निघाला होता.

“अहो, जे व्हायचं ते दोन महिन्यांआधीच झालं ना,” शैलजा म्हणाली. “आता केळं खाऊन काय बदलते?”

हे बिनतोड होतं. पण भीतीला मागचं-पुढचं कळत नाही. वैजनाथरावांनी केळं उचललं, सोललं, डोळे मिटून नमस्कार केला आणि दोन्हीच्या दोन्ही तोंडात कोंबली. तेवढ्यात दारात सिंधूताई.

“अगं बाई! ते तर मी शैलजासाठी मुद्दाम निवडून ठेवलं होतं. म्हटलं, जोडीवर जोडी होऊ दे, घर भरू दे. अन् तुमीच खाल्लं, भाऊजी?”

तोंड भरलेलं असल्यानं वैजनाथरावांना काही बोलता आलं नाही. सिंधूताई आपला आशीर्वाद कुणाच्या पोटात गेला ते पाहून परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण इमारतीला ते कळलं.

आता एकच साक्षीदार उरला होता. शैलजाची आई वारलेली. आईची थोरली बहीण कौशल्याबाई, सोनाळ्याला. संग्रामपूरला कोर्टाचं काम आहे असं घरी सांगून वैजनाथराव एसटीत बसले. खामगावला गाडी बदलली, पुढे आणखी एकदा बदलली, आणि दुपारी सोनाळ्यात उतरले.

कौशल्याबाईंनी जावयाला भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली आणि समोर शेंगा सोलत बसल्या. दोन घास झाल्यावर वैजनाथरावांनी विषय काढला. “मावशी, तुमच्याकडे कुणाले जुळं झालं होतं का?”

“झालं ना. माह्या मायले. दोनदा.”

“दोनदा?”

“पह्यल्यात मी अन् एक भाऊ. तो बारशाच्या आधीच गेला, त्याचं नाव बी नाई ठेवलं. मंग शैलीची माय, ती एकटीच झाली. मंग पुन्हा दोन.” शेंगा सोलणं चालूच होतं.

“ते दोघं कुठे असतात?”

“आमची माय गेली ना त्याच्यात, जवाईबापू. रगत थांबलंच नाई. गाडी जुंपेस्तोवर सारं आटपलं होतं. आठ दिवसांत लेकरं बी गेले.” त्यांनी मान वर केली. “तुमी जेवा ना. आमटी तिखट झाली का?”

आमटी तिखट नव्हती. वैजनाथरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी फाइल पिशवीतून काढलीच नाही. पंधरा-वीस दिवस ज्या प्रश्नामागे ते धावत होते त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते न मिळतं तर बरं झालं असतं.

“मावशी, शैलजाले यातलं काही सांगू नका. पाया पडतो.”

कौशल्याबाई काहीतरी बोलणार होत्या, पण “बरं बापा,” एवढंच म्हणाल्या आणि दुसरी शेंग घेतली.

तिसऱ्या तारखेला सगळे कागद बरोबर होते. लग्नाचा दाखला, आधार, चिठ्ठी, प्रत्येकाच्या तीन प्रती. शैलजाला आत घेतलं. वैजनाथरावांना बाहेर थांबायला सांगितलं. समोर एक बाक होता. ते बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले, कारण बसलो तर आतून कुणीतरी धावत येईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण मध्येच शैलजाच्या आजीचं नाव आपल्याला माहीत नाही असं आठवलं आणि जप तुटला.

दार उघडलं. धावत कुणी आलं नाही. शैलजाच आली, सावकाश, आणि बाकावर बसली.

“दोन हायेत,” ती म्हणाली.

खुर्च्या भरलेल्या होत्या. मागच्या वेळची खिडकीतली बाई पेन थांबवून बघत होती. वैजनाथराव त्या सगळ्यांदेखत बायकोसमोर मटकन खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, “शैलजा, तू मरू नको गं.”

“मी सोनाळ्याले गेलो होतो,” ते घाईघाईनं, आवाज चिरकत सांगू लागले. “कोर्टाचं काम नव्हतं. मावशीनं सांगतलं. तुह्या आजीचं. तुले सांगायचं नव्हतं मले, पण—”

“मले माहीत हाय.”

“काय माहीत हाय?”

“आजीचं. मावशीनंच सांगतलं, मी मोठी झाले तेव्हा. आमच्या घरच्या साऱ्या पोरींले सांगतेत. माणसायले नाई सांगत.”

“काऊन?”

“भेतेत ना.”

वैजनाथरावांना स्वाभिमान नावाची वस्तू अजून थोडीशी उरली होती, ती आता फरशीवर त्यांच्याशेजारी बसली. दोनदा एसटी बदलून, खोटं बोलून त्यांनी जी माहिती आणली ती त्यांच्या घरात, त्यांच्या बाजूच्या उशीवर रोज झोपत होती.

“म्हणजे सौमित्र-स्वरदाच्या वेळी बी तुले...?”

“हाव.”

“अन् तू एकटीच?”

“तुमी तेव्हा दोन पाळण्यांचे भाव काढत फिरत होते. लय खुशीत होते.” शैलजानं नाक ओढलं. “मले वाटलं, आता तुमाले चार लेकरं नको म्हणून तुमी साऱ्या गावाले किती-किती विचारत फिरता.”

“लेकरायचं काय गं...” ते म्हणाले.

मागच्या वेळची ती म्हातारी आज नव्हती, याचं वैजनाथरावांना नंतर फार वाईट वाटलं. खिडकीतली बाई मात्र उठून बाहेर आली, पाण्याचा ग्लास शैलजाला दिला आणि म्हणाली, “उठा भाऊ, फरशी थंड हाय.”

डॉ. महामायांनी रिपोर्ट वाचला, मग आजीचं ऐकलं, मग पेन खाली ठेवून दोघांकडे पाहिलं. “हे मला पहिल्या बाळंतपणाच्या आधी सांगायला हवं होतं.” दोघांनी माना खाली घातल्या. धोका नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. आहे म्हणाल्या. रक्त आधीपासून राखून ठेवायचं, आठवा लागायच्या आत मोठ्या दवाखान्याजवळ जाऊन राहायचं, दर पंधरा दिवसांनी तपासणी, एकही चुकवायची नाही. “ती बैलगाडीची वेळ होती,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे सहा महिने आहेत.” वैजनाथरावांनी सगळं लिहून घेतलं.

रिक्षात बसल्यावर शैलजानं चप्पल काढून पाय वर घेतले. “इतके दिवस मी भेले,” ती म्हणाली. “आता जरा तुमी भ्या. मले झोप येऊन राह्यली.” आणि खरोखरच, कोपऱ्यावरचं वळण यायच्या आत तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी झोपलेली वैजनाथरावांना आठवेना. आठवणार कसं, त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पहिला गतिरोधक आला तेव्हा ते अवघडून अर्धे उठले आणि तिच्या गालाखाली हात धरला. दुसऱ्याला आधीपासूनच धरून ठेवला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

“हळू घेऊ का, भाऊ?”

“एकदम हळू.”

“कितवा महिना?”

“तिचा तिसरा,” वैजनाथराव दबक्या आवाजात म्हणाले. “माहा आजपासून.”